सव्वादोन माणसांची पत्रिका

सरांच्या मुलीच्या लग्नात जेवणाचा आकडा आचाऱ्याला मी दिला, आणि तो चुकला. पाच-दहा पानांनी चुकला असता तर आचाऱ्यानेच मठ्ठ्यात पाणी घालून निभावून नेलं असतं. मी अडीचशे माणसांनी चुकलो. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे हीच चूक मी सहा महिन्यांपूर्वी ऑफिसात केलेली, आणि तेव्हा ती सरांनीच निस्तरलेली.

सर म्हणजे आमच्या ठाण्याच्या ऑफिसातले डेटाबेस सांभाळणारे गृहस्थ. राहायला डोंबिवलीला, पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. तेव्हा साठीला टेकलेले. आम्ही पोरं त्यांना पाठीमागे ‘अंदाजे’ म्हणायचो, जणू आडनावच. कारण जगातली कुठलीही गोष्ट करण्याआधी त्यातून किती निघतील याचा अंदाज घ्यायचा, हे त्यांचं व्रत होतं. आणि गंमत म्हणजे तो अंदाज ते कधीही तोंडावर सांगायचे नाहीत. काहीही विचारा, उत्तर एकच: “बघून सांगतो.”

“सर, डब्यात किती पोळ्या आहेत?”

“बघून सांगतो.” मग डबा उघडायचा, पोळ्या मोजायच्या, डबा बंद करायचा, आणि सांगायचं, “चार.” रोज चारच असायच्या. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी जेवलो, एकदाही पाचवी पोळी पाहिली नाही. पण न बघता ‘चार’ म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसायचं नाही. “काल चार होत्या. आजचं मला काय माहीत?”

एकदा कुणीतरी खवचटपणे विचारलं, “आणि सर, बायका किती?”

सर न थांबता म्हणाले, “एक. काही गोष्टी बघाव्या लागत नाहीत. त्या एकच असतात.”

त्यांच्या खिशात एक लहान डायरी असायची. तिच्यात कुठे काय जास्त आढळतं, याच्या याद्या. सोसायटीत जोशी किती, कुलकर्णी किती, पांढऱ्या स्कूटर किती. डोंबिवलीत कुणी त्यांना रस्त्यात थांबवून “इथे जोशी कुठे राहतात हो?” असं विचारलं, तर सर त्या माणसाकडे दयेने बघायचे. “डोंबिवलीत जोशी? अहो, त्याने काय गाळलं जाणार? अजून काहीतरी सांगा. पायाने अधू आहेत, घरी पोपट आहे, असं काही?” दर शनिवारी ते सोसायटीच्या चारही मजल्यांवर फिरून डायरी ताजी करायचे. शिळ्या माहितीवर अंदाज बांधणं त्यांना शिळ्या भातासारखं वाटायचं. तिसऱ्या मजल्यावर नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांच्या दारात सर सलग पाच शनिवार उभे राहिले. “तुमच्याकडे अजून दोघंच ना?” सहाव्या शनिवारी सेक्रेटरीने पत्र पाठवलं.

त्यांची छत्री पोपटी रंगाची होती आणि तिच्यावर बेडूक होते. साठीच्या माणसाच्या हातात बेडकांची छत्री बघून लोक हसायचे. सर समजावून सांगायचे, “ऑफिसच्या स्टँडमध्ये काळ्या छत्र्या किती? बघा जाऊन. ‘काळी छत्री द्या’ म्हटल्यावर शिपायाने काय करायचं? ‘बेडकांची द्या’ म्हटलं की संपलं.” त्यांची छत्री कधीच हरवली नाही हे खरं. कोण चोरणार?

पण या सगळ्यावर ताण होती ती त्यांची हाक. एकदा भाजी बाजारात गर्दीत काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, “अहो!” अशी हाक मारली, तेव्हा अकरा पुरुषांनी मागे वळून बघितलं. ते अकरा सरांनी मोजले. घरी आल्यावर त्यांनी काकूंना बसवून सांगितलं, की ‘अहो’ या हाकेला डोंबिवलीतला कुठलाही विवाहित पुरुष लागू पडतो, सबब ती बाद. दुसरी हाक ठरवू. काकूंनी सुचवलेली नावं त्यांनी एकेक करून नाकारली, आणि शेवटी स्वतःच एक शब्द निवडला, ज्याने बाजारात दुसरं कुणी हाक मारणारच नाही. तेव्हापासून काकू भर बाजारात मेथीची जुडी हातात धरून ओरडायच्या, “गुणोत्तर!” आणि दूर कांदेवाल्यापाशी एकच माणूस वळायचा.

“पहिल्या दिवशी लाज वाटली रे,” काकू मला सांगत होत्या. “पण खरं सांगू? लगेच सापडतात.”

आता माझी ऑफिसातली चूक. ती सांगितल्याशिवाय लग्नातली कळणार नाही.

केबल आणि इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीसाठी आम्ही तक्रारींचा प्रोग्रॅम करत होतो. कल्याणपासून ठाण्यापर्यंतची त्यांची गिऱ्हाइकं. पडद्यावर विभाग निवडायचा, त्या विभागातल्या तक्रारी समोर. सोपं काम म्हणून मला दिलेलं. मी प्रोग्रॅम लिहिला आणि विठ्ठलवाडी निवडून तपासला, कारण माझी मावशी विठ्ठलवाडीला राहते आणि तिची तक्रार त्यात सापडते का याची मला उत्सुकता होती. सापडली. बोट उचलायच्या आत सापडली. मी खूश.

सोमवारी सकाळी कंपनीच्या मॅनेजरसाहेबांसमोर दाखवायला गेलेलो. मागे तेरा मुली हेडफोन घालून तक्रारी घ्यायला तयार. साहेब म्हणाले, “डोंबिवली काढ.” मी डोंबिवली काढली. पडद्यावर गोल फिरायला लागला. साहेब म्हणाले, “चहा घेऊन येतो.” चहा घेऊन आले, गोल फिरत होता. पान खाऊन आले, गोल फिरतच होता. दरम्यान तेरा मुलींनीही आपापल्या पडद्यावर डोंबिवली काढली होती, म्हणजे आता चौदा गोल फिरत होते. एक मुलगी फोनवर सांगत होती, “सर, तुमचं नेट बंद आहे ना? आमचंपण बंद आहे.”

मी सरांना फोन केला. सर बसने आले, बेडकांची छत्री खुंटीला लावली, आणि पहिला प्रश्न विचारला, “शोधताना विभागाचं नाव दिलंयस का नुसती जागा सोडलीयस?”

“जागा सोडलीय सर. नाव नंतर येतं. एकदाच लिहायचं, सगळ्यांना चालतं.”

सर खुर्चीवर बसले आणि इतके हसले की मॅनेजरसाहेबांना वाटलं काम झालं.

मग त्यांनी मला समजावलं, ते असं. डेटाबेसात एक कारभारी बसलेला असतो. शोध सुरू करायच्या आधी तो ठरवतो, की हे शोधायचं कसं. त्याच्यापुढे दोन वाटा. एक, पुस्तकाच्या मागे सूची असते तशी सूची उघडायची, तिथला पान नंबर बघायचा, त्या पानावर जायचं, एक नोंद आणायची, परत सूचीकडे यायचं. दुसरी वाट, सूचीबिची गेली खड्ड्यात, पहिल्या पानापासून अख्खं पुस्तक सरळ वाचून काढायचं. पाच नोंदी हव्या असतील तर पहिली वाट बरी. अर्धं पुस्तकच हवं असेल तर दुसरी. म्हणून कारभाऱ्याला आधीच अंदाज लागतो, की साधारण किती निघतील. त्यासाठी त्याच्याकडे सरांसारखीच एक डायरी असते. तिच्यात लिहिलेलं असतं, डोंबिवली भरपूर, विठ्ठलवाडी थोडी.

“पण तू त्याला नावच सांगितलं नाहीस,” सर म्हणाले. “तू म्हणालास, कुठलातरी विभाग, नाव मागाहून. मग त्याने डायरी कशी बघायची? बिचाऱ्याने एकूण तक्रारींना विभागांच्या संख्येने भागलं आणि सरासरी काढली. सरासरी विभागात थोड्याच तक्रारी असतात, म्हणून त्याने सूचीची वाट धरली. मग तू डोंबिवली दिलीस. आता तो एकेका तक्रारीसाठी कपाटापर्यंत जातोय आणि येतोय. जातोय आणि येतोय. दया येत नाही तुला त्याची?”

“मग काय करायचं सर?”

“नाव आधी सांगायचं. बेत मग करायला लावायचा.”

त्यांनी दोन ओळी बदलल्या. डोंबिवली आली. तेरा मुलींनी टाळ्या वाजवल्या, सरांसाठी. परतताना बसमध्ये सर मला म्हणाले, “सरासरी विभाग म्हणून नकाशावर काही दाखवता येईल का तुला? कुठलं स्टेशन येतं तिथे?” मी म्हटलं, नाही सर. “मग लक्षात ठेव.” मी लक्षात ठेवलं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

आता लग्न. सरांना एकुलती एक मुलगी. लग्न ठरलं तसं काकूंनी सरांना पहिला हुकूम दिला, की पाहुणे मोजायचे नाहीत. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी मेहुणीकडच्या मुंजीत आकडा काढायचं काम सरांकडे होतं, आणि त्यांनी प्रत्येक आमंत्रिताला फोन करून “नक्की किती? सासूबाई धरून की सोडून?” असं विचारलेलं. एका घरातून उत्तर मिळालेलं, “माणसं मोजून बोलावता काय? ठेवा तुमचं जेवण.” ते घर अजून बोलत नव्हतं.

“माझ्या मुलीच्या लग्नात हे फोनवर बसलेले चालणार नाहीत,” काकू मला म्हणाल्या. “तू कर रे हे. तू शहाणा दिसतोस.”

दिसतो, हे खरं आहे. त्यावर बरीच कामं मिळाली.

सरांनी हुकूम मानला. दोन दिवसांनी ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “हे बघ. तीस वर्षं मी लोकांना अंदाज नीट घ्या म्हणून छळलंय. माझ्याच दारातून कुणी उपाशी गेलं, तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही. व्याह्यांसमोर एक वेळ चालेल. आपल्या माणसांसमोर नाही.” आणि थांबून म्हणाले, “नावं बघशील ना?”

“बघतो सर.”

नावं मी बघितली नाहीत. यादी एक्सेलमध्ये होती. नावांचा रकाना इतका रुंद होता की माझ्या लॅपटॉपवर बाकीचं मावत नव्हतं, म्हणून मी तो लपवला. उरल्या एकशे साठ ओळी. काकूंकडे जुन्या दोन कार्यांच्या वह्या होत्या, त्यावरून पत्रिकेमागे माणसं काढली. सव्वादोन. एकशे साठ गुणिले सव्वादोन, तीनशे साठ. वर वीस पानं हाताशी म्हणून धरली, आणि आचाऱ्याला तीनशे ऐंशीचा आकडा दिला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. सव्वादोनमधला सव्वा तर फारच शास्त्रीय वाटला.

लग्न डोंबिवलीतल्याच एका कार्यालयात, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मी दारात अत्तरदाणी घेऊन उभा. अकरा वाजता बाहेर हॉर्न वाजायला लागले. बघतो तर दोन टेम्पो, एक मिनीबस, आणि पुढे-मागे मोटारसायकली. त्यातून माणसं उतरायला लागली. पांढरेशुभ्र शर्ट, गळ्यात जाड साखळ्या, बायकांच्या अंबाड्यांत एवढाले गजरे, कडेवर पोरं. उतरतच राहिली. सगळ्यांच्या पुढे हातात आहेराची परात घेऊन एक सत्तरीचे गृहस्थ.

हे नाना. सरांची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, ती एके काळी नानांची भातशेती. पलीकडचं गाव अजून त्यांचंच. सरांनी वीस वर्षं दर रविवारी त्या गावच्या देवळाच्या ओट्यावर बसून दहावीच्या पोरांना फुकट गणित शिकवलेलं. अपूर्णांक कळलेली तीन-चार वयोगटांची पोरं, आता त्यांचीही पोरं, त्यांचे आईबाप, असं सगळं गाव नटून आलं होतं.

मी यादी काढली. नावांचा रकाना उघडला. सत्त्याऐंशीव्या ओळीवर सरांनी स्वतः भरलेलं होतं: ‘नाना व समस्त ग्रामस्थ.’ एक ओळ. एक पत्रिका.

आचारी माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. टेम्पोकडे बघत म्हणाला, “दादा, ही माणसं तुम्ही कितीत धरलीत?”

“सव्वादोन.”

त्याने हातातला झारा गर्दीकडे केला. “यातले सव्वादोन कुठले, ते दाखवा. तेवढ्यांना वाढतो.”

तेवढ्यात सर आले. पितांबर नेसलेले, कपाळाला मुंडावळ्या नव्हत्या इतकंच, बाकी नवरदेवासारखे. त्यांनी अंगणातली गर्दी बघितली, माझा चेहरा बघितला, आणि त्यांना सगळं कळलं.

“रकाना लपवलास?”

मी मान हलवली.

मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग त्यांनी पितांबराच्या कनवटीतून ती डायरी काढली. मुलीच्या लग्नात, पितांबरात, हा माणूस डायरी घेऊन आला होता. पेन्सिल कानावरून काढली आणि दारातच उभे राहून ते प्रत्येकाला नमस्कार करून विचारायला लागले, “या या. किती जण? लहान किती? हे तुमच्यातच का?” आणि टिपायला लागले. गावकरीही काही वाटून न घेता सांगत होते. सरांनी गणित विचारायचं आणि आपण सांगायचं, याची त्यांना सवयच होती. “आमी सात, सर.” “आमी नऊ, एक पोटात.” सर म्हणाले, “पोटातलं धरत नाही.”

आत गुरुजी माइकवरून ओरडत होते, “कन्येचे वडील! कन्यादानाला बसा! कन्येचे वडील!” बाहेर कोणाला पत्ता नाही. बँडवाले वाजवत होते, पोरं रडत होती, मांडवात निम्मे पुरुष कुणाचे ना कुणाचे वडील होते. शेवटी काकूंनी गुरुजींच्या हातातला माइक घेतला आणि सगळ्या कार्यालयात, वरपक्षासकट, आवाज घुमला:

“गुणोत्तर!”

बँड थांबला. वरमाई बावरून इकडेतिकडे बघायला लागल्या. दारात एकच माणूस वळला. जाता जाता डायरी माझ्या हातात कोंबून म्हणाला, “दोनशे एकोणपन्नास. आता नाव कळलं ना? बेत बदल. नानांना जाऊन खरं सांग.” आणि कन्यादानाला पळाला.

त्या कार्यालयाच्या दारापासून नानांच्या खुर्चीपर्यंत वीस पावलं असतील. मी ती फार सावकाश टाकली. यजमानाच्या वतीने पाहुण्याला जाऊन सांगायचं, की तुमच्यासाठी जेवण नाही. वर ते का नाही, तेही.

“काय रं पोरा, तोंड का परलंय तुजं?” नानांनी विचारलं.

“नाना, जेवणाचा आकडा मी काढलेला. तुमच्या पत्रिकेची माणसं मी… सव्वादोन धरली.”

नाना शेजारच्या बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले, “आयकलंस? तू एक, मी एक. पाव कोन गं?”

“पाव तुमची अक्कल,” बाई म्हणाल्या, आणि मला, “आरं, पत्रिकेव लिवलंय काय, त तरी वाचाचा!”

नाना उठले, कुर्त्याच्या खिशातून फोन काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाकडे हळद होती. तिथे टोप चढवायला चुली मांडून तयार, तांदळाची पोती उतरलेली, गावचे आचारी हजर. नाना फोनवर एवढंच म्हणाले, “हलद उद्या. आज सरांकरं. भात न डाल टाका, जास्ती तिखट नको.” मग आपल्या पोरांकडे वळले, “चला रं. पयले पावनं जेवतील, आपन वाढाचं. मंग आपन.”

आणि तसंच झालं. पांढऱ्या शर्टांच्या, साखळ्यांच्या चाळीस पोरांनी बाह्या वर केल्या आणि पंगतीत मसालेभात वाढायला घेतला. काय तो आग्रह! वराच्या आत्याबाई, ज्यांनी सकाळपासून नाक मुरडायचं सोडलं नव्हतं, त्या काकूंना म्हणाल्या, “वाढपी फार छान आणलेत हो तुम्ही. सोन्याने मढवलेले. कुठल्या केटररकडचे?” काकू म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्या ओळखीचे आहेत.” अडीच वाजता टेम्पोतून टोप आले, इतके मोठे की त्यात आमचा आचारी आत उतरून ढवळू शकला असता. गाव जेवलं. उरलेली जिलबी नानांनी पोरांकडून मागून घेतली आणि सर्वांत शेवटी, सगळे उठल्यावर, स्वतःच्या पानावर घेतली.

संध्याकाळी मुलगी गेली. मांडव उतरवत होते. सर एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले, पितांबरावर वरणाचा डाग. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडून डायरी परत घेतली, पहिलं पान उघडलं. तिथे वर लिहिलेलं होतं, ‘घरात: ३.’ त्यांनी तीनवर काट मारली आणि शेजारी दोन लिहिलं. पेन्सिल तिथेच टेकवून बसले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “सर, तुम्ही एवढं समजावूनही सहा महिन्यांत तीच चूक पुन्हा, तीही तुमच्याच मुलीच्या लग्नात करणारी माणसं जगात किती असतील हो?”

मला खात्री होती, ते म्हणणार, बघून सांगतो. निदान चेहरा तरी जरा सैल होईल.

सरांनी डायरी मिटली, कनवटीला लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“एक. ह्याला बघावं लागत नाही.”